जखम भरली, धसका राहिला

अपघातातून माणूस वाचला की आपण देवापुढे नारळ फोडतो. टाके निघाले की पेढे वाटतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. डॉक्टरही कामावर जाण्यास योग्य असल्याचा दाखला देऊन मोकळे होतात. ही पद्धत अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. का, ते एका परदेशी खेळाडूच्या उदाहरणावरून पाहू.

कॅनडा व अमेरिकेत बर्फावरची हॉकी फार लोकप्रिय आहे. खेळाडू पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावरून घसरत जातात. चेंडूऐवजी रबराची टणक चकती असते. ती अडवण्यासाठी गोलरक्षक अंगावर जाड गाद्या आणि तोंडावर मुखवटा चढवून उभा राहतो.

क्लिंट मलारचुक हा असाच एक गोलरक्षक. जन्म १९६१ सालचा, कॅनडातील अल्बर्टा प्रांतातला. २२ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील बफेलो शहरात सामना चालू असताना दोन खेळाडू त्याच्या गोलवर येऊन आदळले आणि एकाच्या बुटाचे पाते त्याच्या गळ्यावरून फिरले. मोठी रक्तवाहिनी कापली गेली. संघाचा मदतनीस जिम पिझुटेली हा व्हिएतनाम युद्धात सैनिकांवर प्रथमोपचार केलेला माणूस. त्याने धावत जाऊन जखम हाताने घट्ट दाबून धरली. मलारचुकची आई घरी टीव्हीवर सामना पाहत होती. आपले मरण तिच्या डोळ्यांपुढे नको, म्हणून तो तशा स्थितीत स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. तीनशेच्या वर टाके पडले. प्राण वाचले.

दोन आठवड्यांच्या आत तो पुन्हा गोलात उभा राहिला. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. मर्द असावा तर असा!

पुढची हकिगत मात्र बरीच वर्षे लोकांना ठाऊक नव्हती. लहानपणापासून त्याचा स्वभाव चिंतेचा होता. अपघातानंतर चिंता वाढली, रात्री भयानक स्वप्ने पडू लागली, झोप उडाली. त्यावर त्याने दारूचा आधार घेतला आणि दारू व गोळ्या एकत्र घेतल्याने एकदा जिवावर बेतले. मग एका मानसिक आजाराचे निदान होऊन औषधे सुरू झाली. पण त्या अपघाताबद्दल त्याच्याशी नीट कोणी बोललेच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच बफेलो शहरात रिचर्ड झेडनिक या खेळाडूचा गळा तसाच कापला गेला आणि मलारचुकच्या मनातले सारे पुन्हा वर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला. खरे निदान त्यानंतर झाले, म्हणजे अपघाताला १९ वर्षे उलटल्यावर! उपचारांनी तो सावरला. २०१४ साली त्याने आपली कहाणी पुस्तकरूपाने मांडली.

आपल्याकडे या दुखण्याला फार नेमका शब्द आहे : धसका. मळणीयंत्रात हात सापडलेला शेतकरी, एस.टी.च्या अपघातातून वाचलेली बाई, विहिरीत पडून निघालेले पोर यांपैकी कोणालाही तो बसू शकतो. प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येतो, माणूस झोपेत दचकून उठतो, ती जागा टाळतो, घरच्यांवर विनाकारण चिडतो. सुरुवातीचे काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. परंतु महिना उलटूनही त्रास चालूच राहिला, तर तो आजार समजावा. दृष्ट काढून किंवा अंगारा लावून तो जात नाही. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी तो बरा होतो.

काही वाचक म्हणतील, आमच्या आजोबांनी असले लाड कधी केले नाहीत. मन घट्ट करावे आणि कामाला लागावे. कामाला लागण्यास आमचा विरोध नाही. हातावर पोट असणाऱ्याला घरी बसणे परवडत नाही आणि कामाने मनही रमते. पण कामावर गेला म्हणजे बरा झाला, हा हिशेब चुकीचा आहे. मलारचुक तर हजारो लोकांसमोर कामावर हजर होता. 'मन घट्ट कर' असे सांगितले की दुखणे जात नाही, फक्त त्याविषयी बोलणे बंद होते. ते मग दारूच्या वाटेने बाहेर पडते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, टाके काढताना डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत : झोप लागते का? तो प्रसंग सारखा आठवतो का? दोन मिनिटांचे काम आहे. घरच्यांनीही महिन्याभराने हेच विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर क्षणभरही वेळ दवडू नये, माणसाला एकटे सोडू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत असा कायद्याचा रोख आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दुखणे लपवू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

हात मोडला तर आपण प्लास्टर घालायला लाजत नाही. धसका बसला हे सांगायलाही लाजू नये.