शब्दांची गोष्ट : ‘स्लम’

‘स्लम’ हा शब्द आपण बातम्यांमध्ये नेहमी ऐकतो. पण सुरुवातीला त्याचा अर्थ वस्ती असा नव्हताच, हे तुम्हाला माहीत आहे का?

जेम्स हार्डी वॉक्स नावाचा एक इंग्रज कैदी ऑस्ट्रेलियात शिक्षा भोगत होता. १८१२ मध्ये त्याने चोर-भामट्यांच्या बोलीचा छोटासा कोश तयार केला. त्यात ‘स्लम’चा अर्थ होता खोली! पुढे लंडनमध्ये ‘बॅक स्लम’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे मागच्या अंधाऱ्या गल्ल्या, जिथे ‘सभ्य’ माणसाने पाऊल टाकू नये. १८५० मध्ये कार्डिनल वाइजमन यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीजवळच्या दरिद्री गल्लीबोळांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला आणि तो वर्तमानपत्रांमधून सगळीकडे पोहोचला. १८८०च्या दशकात तर श्रीमंत मंडळी गरिबांच्या गल्ल्या बघायला हौसेने जाऊ लागली. त्याला नाव पडलं ‘स्लमिंग’.

गंमत बघा, नळ नाही, गटार नाही, संडास नाही, हा दोष शहराच्या कारभाराचा. पण बदनामीचा शिक्का बसला तिथे राहणाऱ्यांवर.

हाच शब्द पुढे आपल्याकडे कायद्यात आला. १९५६ मध्ये केंद्राने आणि १९७१ मध्ये महाराष्ट्राने ‘स्लम’ वस्त्यांसाठी कायदे केले. इथे मात्र अर्थाला वेगळंच वळण मिळालं. महाराष्ट्रात सरकारने एखादी वस्ती अधिकृतपणे झोपडपट्टी म्हणून घोषित केली, की तिथल्या रहिवाशांना सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय घराबाहेर काढता येत नाही. म्हणजे जो शब्द बोलण्यात टोचतो, तोच कागदावर घर वाचवतो!

२०११च्या जनगणनेनुसार भारतात साडेसहा कोटी लोक अशा वस्त्यांमध्ये राहत होते. एवढ्या माणसांना एकच ओळख कशी पुरेल? धारावीचंच घ्या. तिथे कुंभारवाडा आहे, चामड्याच्या वस्तूंचे कारखाने आहेत, घरोघरी चालणारे उद्योग आहेत.

म्हणून हा शब्द सरकारी कागदावर जरूर राहू द्या, तिथे त्याचा उपयोग आहे. पण तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी कुठे राहतात, हे मुलांना सांगताना ‘स्लममध्ये’ म्हणू नका. त्यांच्या वस्तीचं नाव विचारा आणि तेच सांगा. प्रत्येक वस्तीला नाव असतंच.