ओठावरचा फोड आणि चारित्र्याचा दाखला

ओठाच्या कडेला बारीक, पाणीदार फोड येतात, आग होते, आठवडाभरात खपली धरते. आपल्या आयाआज्या म्हणत, ‘अंगातला ताप बाहेर पडला.’ डॉक्टर त्यालाच ‘हर्पिस’ म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की घरातल्यांच्या नजरा बाईकडे वळतात : ‘हिला हे कुठून लागलं?’ मग तपासणीसाठी धावपळ सुरू होते. ही तपासणी आपल्या गावात कुठे होईल, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याआधी विचारायला हवे : कोणती तपासणी, आणि कशासाठी?

हर्पिसच्या विषाणूचे दोन प्रकार आहेत. तोंडावर येतो तो बहुधा पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी माणसांच्या, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, मोठ्यांच्या लाळेतून, पापे घेण्यातून मिळतो. मग तो मज्जातंतूंत दबा धरून बसतो. ताप, ऊन, ताण असे काही निमित्त झाले की डोके वर काढतो. यात चारित्र्य कुठे आले?

गल्लीतली लॅब रक्त घेते. त्यातल्या आयजीजी तपासणीवरून एवढेच कळते की हा विषाणू कधीतरी शरीरात आला. कधी आणि कोणाकडून, हे कळत नाही. आयजीएम तर भरवशाचीच नाही. तरीही गर्भपात झालेल्या बाईच्या हातात ‘टॉर्च’ तपासणीची चिठ्ठी सर्रास दिली जाते, आणि त्यात हर्पिसही असतो. कागदावरचा ‘पॉझिटिव्ह’ हा एक शब्द बाईला माहेरी धाडायला पुरतो. नवऱ्याचे रक्त कोण तपासते?

उपयोगाची तपासणी वेगळी आहे. ताज्या फोडातला द्राव कापसाच्या काडीवर घेऊन पीसीआर करतात. नमुना पहिल्या एकदोन दिवसांत, खपली धरण्याआधी द्यावा लागतो. २०२० च्या कोरोना साथीत पीसीआर यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. तेव्हा ‘सोय नाही’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नये. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात लेखी विचारावे : हर्पिससाठी यंत्र वापरता का? नमुना कोण घेतो? खर्च किती?

अर्थात, बहुतेकींना तपासणीची गरजच नसते. डॉक्टर पाहून ओळखतात, फोड आपोआप बरे होतात. असायक्लोव्हिर लवकर सुरू केले तर त्रास कमी होतो. मात्र फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा कोणीही घेऊ नये, त्याच्या जिवाला धोका असतो. डोळा दुखू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फोड महिनाभर हटले नाहीत तर एचआयव्हीची तपासणी करावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने ती बाईच्या संमतीशिवाय करता येत नाही. मिशरी किंवा तंबाखू लावणाऱ्या बाईच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तिला हर्पिस समजून घरी बसवू नये. ती कर्करोगासाठी तपासून घ्यावी.

मैत्रिणींनो, तपासणी बाईच्या उपचारासाठी असते, तिच्या झाडाझडतीसाठी नाही. आपल्या जिल्ह्यात चौकशी करा, मिळालेली उत्तरे आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती छापू, म्हणजे पुढच्या बाईची पायपीट वाचेल.