उपनगरांची फिर्याद कोणी ऐकावी?

वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ 11 नोव्हेंबर 2006 रोजी रात्री पोलिसांशी झालेल्या चकमकीत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया हा गुंड ठार झाला, अशी हकीकत शहराला सांगण्यात आली. आणि त्या काळी अशा हकीकती इतक्या वरचेवर येत की, त्या वाचून पान उलटण्याची सवय सुशिक्षित मुंबईकराच्या अंगवळणी पडली होती. या खेपेस मात्र त्या हकीकतीच्या आधीची दुसरी एक हकीकत कागदावर नोंदली गेली होती. मृताचे बंधू ॲड. रामप्रसाद गुप्ता यांनी, आपल्या भावाला आणि त्याच्या मित्राला वाशीहून पोलिसांनी उचलून नेले असून त्याच्या जिवास धोका आहे, अशा आशयाच्या तारा व फॅक्स त्याच दिवशी, चकमकीची म्हणून जी वेळ दाखविण्यात आली तिच्या काही तास आधी, वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे रवाना केले होते. ज्यांनी वेळीच दखल घ्यावयाची त्यांनी ती घेतली असती, तर तो माणूस न्यायालयापुढे जिवंत उभा राहिला असता.

पुढे न्यायालयांनी सत्य शोधून काढले, परंतु त्यासाठी फिर्यादीला अर्धे आयुष्य खर्ची घालावे लागले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने चौकशी झाली आणि 2008 साली दंडाधिकाऱ्यांनी ही चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. 2009 मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले. जुलै 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना दोषी ठरविले. आणि 19 मार्च 2024 रोजी उच्च न्यायालयाने 12 पोलिसांची जन्मठेप कायम करून, खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेले तत्कालीन पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली. शर्मा यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आहे. दरम्यान डिसेंबर 2015 मध्ये राज्य सरकारने यांपैकी 11 पोलिसांच्या शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित करण्याचा हुकूम काढला होता. तोही उच्च न्यायालयाला रद्द करावा लागला.

या प्रकरणातील सर्वांत लांच्छनास्पद बाब याहूनही वेगळी आहे. लखन भैयाबरोबर ज्याला उचलले होते तो मित्र हाच घटनेचा मुख्य साक्षीदार. मार्च 2011 मध्ये, त्याची साक्ष अवघ्या काही दिवसांवर आली असता, तो बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा जळालेला मृतदेह सापडला. ज्या राज्यात पोलिसांविरुद्ध बोलू पाहणाऱ्या साक्षीदाराचे रक्षणही पोलिसांकडेच सोपविलेले असते, तेथे सामान्य माणसाने कोणाच्या भरवशावर तोंड उघडावे? मृत मनुष्य काही सज्जन नव्हता, असे यावर ऐकविले जाते. त्याच्यावर गुन्हे दाखल होते हे खरेच. पण त्याला मारण्यामागे भूखंडांचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाचे वैर होते, असा सरकारपक्षाचा आरोप होता आणि सत्र न्यायालयाने त्या माणसालाही दोषी धरले होते. वर्दीतील बंदूक एकदा खासगी वैरासाठी आणि पैशासाठी मिळू लागली की, समोरचा सज्जन की दुर्जन हा प्रश्न उरतच नाही.

वर्दी आणि पैसा यांची सोयरीक दर वेळी गोळीबारातूनच प्रकट होते असे नाही. 13 मे 2024 च्या वादळात घाटकोपरच्या छेडानगर येथील पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरातफलक कोसळून 17 माणसे प्राणास मुकली. महापालिकेच्या नियमानुसार फलकाची मर्यादा 40 फूट बाय 40 फूट. हा फलक सुमारे 120 फूट बाय 120 फुटांचा होता, आणि ज्या जागेवर तो उभा होता ती लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती. पोलीस महासंचालक कार्यालयाची मंजुरी न घेता परवानगी दिल्याचा ठपका ठेवून शासनाने तत्कालीन लोहमार्ग पोलीस आयुक्तांना जून 2024 मध्ये निलंबित केले. जाहिरात कंपनीला मोक्याचा कोपरा हवा होता, कायद्याचे रक्षक म्हणविणाऱ्या खात्याने तो दिला, आणि त्याची किंमत पेट्रोल भरावयास आलेल्या व पावसाच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या माणसांनी मोजली. आणि पोलिसांना जाब विचारला जाण्यास किती काळ लागतो, हेही घाटकोपरने पाहिले आहे. येथेच 11 जुलै 1997 रोजी रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जणांचा बळी गेला होता. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला, तरी संबंधित अधिकाऱ्यास शिक्षा सुनावली जाण्यास 2009 साल उजाडले.

वर्सोव्याच्या घटनेपूर्वी दोन महिनेही झाले नव्हते, तोच, 22 सप्टेंबर 2006 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात प्रत्येक राज्याला आदेश दिला होता की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य पातळीवर आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे. महाराष्ट्राने 2014 साली कायदा केला, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची पायरी धरली. मुंबई उपनगर हा 1990 पासून स्वतंत्र जिल्हा आहे आणि त्याला स्वतःचा जिल्हाधिकारी आहे. मग बोरिवलीच्या भाजीविक्रेत्याने किंवा मुलुंडच्या झोपडपट्टीतील आईने पोलीस ठाण्यात मार खाल्लेल्या मुलाची कैफियत घेऊन जावे, असे प्राधिकरण मात्र याच जिल्ह्यात का नसावे? जिल्ह्याचे प्राधिकरण, त्याला स्वतःचे तपासी कर्मचारी आणि साक्षीदाराला पोलीस ठाण्यापासून स्वतंत्र संरक्षण, एवढी तरतूद झाली तर चकमकीआधी पोहोचलेल्या तारेला तासाभरात उत्तर देणारे कोणीतरी असेल.

ही मागणी कोणी करावयाची? अंधेरी-घाटकोपरातील रहिवासी संघ पाण्यासाठी, उद्यानांसाठी, फेरीवाल्यांच्या प्रश्नासाठी महापालिकेचे उंबरठे झिजवितात आणि ते योग्यच आहे. परंतु पोलीस ठाण्याचा प्रश्न आला की, ते काम वकिलांचे आणि झोपडपट्टीतील लोकांचे असे समजून ते दूर राहतात. हे अंतर त्यांनी आता मिटवावे. आपापल्या आमदाराकडे जिल्हा प्राधिकरणाची लेखी मागणी करावी, परिसरातील अशा खटल्याच्या सुनावणीला दोन-चार जणांनी आळीपाळीने न्यायालयात जाऊन बसावे, आणि तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या इमारतीत एकाकी पडू देऊ नये. येत्या अधिवेशनाआधी उपनगरातील प्रत्येक आमदाराच्या टेबलावर असा अर्ज पडावा, ही वाचकांना माझी विनंती आहे.