एक्सप्लेनर : पाटी मोठी, अक्षर जाड, तरी 'धारूर'चा 'रू' का गुदमरतो?

बीड जिल्ह्यातल्या किल्लेधारूरचं नाव कुठे 'धारूर', तर कुठे 'धारुर' असं लिहिलेलं दिसतं. नियमाने 'रू' दीर्घच. पण जाड, दाटीच्या अक्षरातल्या पाटीवर तो ऱ्हस्व की दीर्घ, हे लांबून कळतच नाही.

कारण काय? फ्लेक्सवर जागा कमी पडली की साधा फॉन्ट दोन्ही बाजूंनी दाबला जातो. उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. 'रू'च्या वळणातली मोकळी जागा आवळली जाते आणि शाईने बुजते.

अरुंद जागेसाठीच घडवलेला फॉन्ट वेगळा. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'तेको' आणि 'खंड'मध्ये अक्षर मुळातच अरुंद रेखाटलंय, रेघांची जाडी सांभाळून. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बलू' अस्वलासारखा गुबगुबीत. तिन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. अर्थात हे फॉन्ट दुकानाच्या नावापुरतेच. पत्ता, मोबाइल नंबर, मालाची यादी सगळं त्यातच कोंबलं, तर गिऱ्हाईक न वाचताच पुढे जाणार.

राज्याने २०२२ मध्ये कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, ही अटही घातली. आकार टेपने मोजता येतो. वाचता येतं का, हे कोण तपासणार? ते दुकानदारालाच करावं लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं डिझाइन 'ओके' करण्याआधी मोबाइल हातभर लांब धरून पाहा. 'रू' ओळखू येत नसेल, तर अक्षर दाबायला सांगू नका. ओळ तोडा : 'किल्ले' वर, 'धारूर' खाली.