गाडी रिमॅप केली अन् क्लच घसरायला लागला, आता नवा कोणता टाकायचा?

समजा, एमएच ४० पासिंगची जुनी पोलो जीटी टीडीआय नागपूरहून रामटेकला निघालीय. दोन वर्षांपूर्वी तिचं रिमॅप झालंय. कन्हान मागे पडतं, मनसरच्या अलीकडे समोर ट्रक येतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये, आरपीएम दोन हजार. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो. आरपीएमचा काटा झपकन साडेतीन हजारांवर जातो, पण गाडीचा वेग काही वाढत नाही. पुढे रामटेकच्या गडाचा चढ लागतो आणि केबिनमध्ये जळका वास येतो.

यालाच क्लच घसरणं किंवा स्लिप होणं म्हणतात. ओव्हरटेक करताना ताकद अर्ध्यात गायब झाली, तर समोरून येणारं वाहन थांबून वाट बघत नाही. त्यामुळे क्लच बदलावाच लागतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कंपनीचा टाकला तर पुन्हा घसरेल का? आणि इन्स्टाग्रामवर दिसणारा ‘स्टेज ३’ टाकला तर रोज गाडी चालवता येईल का?

हा प्रश्न आताच का वाढलाय?

कारण या गाड्या आता नव्या मिळत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाले. मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, फोक्सवॅगननंही भारतातलं डिझेल थांबवलं. चाकणच्या कारखान्यातून निघालेली पोलो २०२२ मध्ये पूर्णच बंद झाली. छोटी, हलकी आणि जोरदार ओढणारी डिझेल ज्यांच्याकडे आहे, ते ती विकायला तयार नाहीत. सेकंड हँड घेणारे तर अशाच गाड्या शोधतात. घेतली की पहिलं काम रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून टर्बोचा दाब आणि डिझेलचं प्रमाण वाढवणं. इंजिन न उघडता, एका दुपारात टॉर्क वाढतो. क्लच मात्र तोच राहतो, तोही कित्येक हजार किलोमीटर झिजलेला.

क्लच किती ताकद धरतो, हे ठरतं कशावर?

इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मधोमध क्लच प्लेट असते. पेडलवरून पाय काढला की स्प्रिंग तिला दोन्हीकडून घट्ट चेपते आणि इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सला मिळते. ही पकड चार गोष्टींवर अवलंबून असते. स्प्रिंग किती जोरानं दाबते, प्लेटचं मटेरियल किती घट्ट धरतं, प्लेट केवढी मोठी आहे आणि घासणारे पृष्ठभाग किती आहेत. बाजारातला कितीही महाग क्लच घ्या, त्यानं या चारपैकीच काहीतरी वाढवलेलं असतं. आणि प्रत्येक वाढीची किंमत चालवणाऱ्याला दुसरीकडे मोजावी लागते.

पोलो जीटी टीडीआयच्या १.५ लिटर इंजिनाचा मूळ टॉर्क २५० न्यूटन मीटर. रिमॅपनंतर तो समजा ३२० झाला, म्हणजे २८ टक्के वाढ. कंपनी क्लच बनवताना थोडी राखीव क्षमता ठेवते, म्हणून नवा क्लच काही काळ हे सहन करतो. झिजत गेला की ती राखीव क्षमता संपते. टर्बो डिझेलचा सगळा जोर दीड-दोन हजार आरपीएमलाच येतो, म्हणून घसरण आधी दिसते ती वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला.

आता पर्याय बघू. पहिला, स्प्रिंग कडक करणं, म्हणजे मजबूत प्रेशर प्लेट आणि साधी ऑरगॅनिक क्लच प्लेट. पकड वाढते, गाडी पूर्वीसारखीच अलगद उचलते, फक्त पेडल जड होतं. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला ते कळतंच. पण एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पेडल दाबलं की त्या स्प्रिंगचा जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर पडतो. स्प्रिंग जेवढी कडक, तेवढा भार जास्त. सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून बसायची सवय असेल, तर ती इथे महागात पडते.

दुसरा पर्याय म्हणजे मटेरियल बदलणं. सिरॅमिक किंवा सिंटर्ड प्लेट, ज्यांना गॅरेजमध्ये ‘बटण’ किंवा ‘पक’ म्हणतात. उष्णता जास्त झेलतात, पकड जबरदस्त. रीलमध्ये सगळ्यात भारी हीच दिसते. पण ही प्लेट हळूहळू धरत नाही, एकदम धरते. ड्रॅग रेसमध्ये, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ‘व्हॅली रन’सारख्या स्पर्धेत, हेच हवं असतं. आता हीच गाडी त्रिपुरी पौर्णिमेच्या गर्दीत गडाच्या चढावर उभी करा. पुढची गाडी दोन फूट सरकते, थांबते, पुन्हा दोन फूट. इथे हाफ क्लचशिवाय भागत नाही आणि सिरॅमिक प्लेटला हाफ क्लच आवडत नाही. गाडी थडथडते, झटके देते किंवा बंद पडते. प्लेटमध्ये धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नसतील तर तेच झटके गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टपर्यंत जातात. क्लच वाचतो, बिल दुसऱ्या पार्टचं येतं.

प्लेट मोठी करायला फ्लायव्हीलच्या आत जागाच नसते. राहिला चौथा मार्ग, एकाऐवजी दोन प्लेटा, म्हणजे ट्विन प्लेट. पेडल फार जड न करता क्षमता खूप वाढते, पण खर्च भरमसाट आणि आवाजही. ३२० न्यूटन मीटरच्या गाडीला तो टाकणं म्हणजे पाव किलो भाजी आणायला ट्रॅक्टर काढणं.

अनेक डिझेल गाड्यांमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं, ही आणखी एक भानगड. दोन भागांचं आणि मध्ये स्प्रिंगा असलेलं हे फ्लायव्हील डिझेल इंजिनाचे हादरे गिळतं. ते महाग असल्यानं ‘काढून सिंगल मास टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. टाकता येतं, पण मग न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखड वाजतो आणि ते हादरे आता गिअरबॉक्स खातो. फ्लायव्हील ढिलं झालंय का, हे गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्रीकडून तपासून मगच ठरवावं.

‘स्टेज’ आणि आकड्यांचा गोंधळ

स्टेज १, स्टेज २ या नावांना कोणतंही प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टेज २ दुसरीच्या स्टेज १ एवढाच असू शकतो. विचारायचं ते एवढंच, हा क्लच किती टॉर्क धरतो? उत्तर हॉर्सपॉवरमध्ये आलं तर सावध व्हा, क्लच टॉर्कमुळे घसरतो. आयात केलेल्या किटवर आकडा अनेकदा पाउंड-फूटमध्ये असतो. २५० पाउंड-फूट म्हणजे जवळपास ३४० न्यूटन मीटर. हा फरक न पाहिल्यामुळे गरजेपेक्षा जास्त कडक क्लच घेतला जातो.

आपल्या गाडीचा खरा टॉर्कही माहीत हवा. ट्यूनरनं तोंडी सांगितलेला चालणार नाही, डायनोवर मोजलेला हवा. त्याच्यापेक्षा थोडी जास्त क्षमता पुरे, दुप्पट नको. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा रामटेक किंवा पेंच असा वापर असेल, तर मजबूत प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक क्लच प्लेट हीच जोडी शहाणपणाची. त्याहून स्वस्त उपाय ट्यूनर स्वतःहून सहसा सांगत नाही. मॅपमध्ये कमी आरपीएमचा टॉर्क थोडा कापून घ्यायचा आणि कंपनीचाच क्लच टाकायचा. वरची पॉवर फारशी कमी होत नाही, क्लच मात्र टिकतो.

खर्च करण्याआधी एक खात्री करावी. घसरण्याचं कारण रिमॅपच आहे की इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून प्लेट ओली झालीय? तेल लागलेली प्लेट कितीही भारी असली तरी घसरणारच.

आणि कायदा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

क्लच झिजला म्हणून बदलणं ही देखभाल आहे, त्याची नोंद आरसीवर नसते. हॉर्सपॉवरची मात्र असते. म्हणजे अडचण क्लचची कमी आणि तो लवकर संपवणाऱ्या रिमॅपची जास्त. इन्शुरन्स कंपनीला रिमॅप कळवलेलं नसेल, तर अपघातानंतर क्लेम अडू शकतो. वर काळा धूर निघत असेल तर पीयूसीचाही प्रश्न येतो.

हे सगळं बघून क्लच बदलायचं ठरलं, तर गिअरबॉक्स एकदाच उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावेत. एक पार्ट वाचवला अन् तोच सहा महिन्यांनी गेला, तर पूर्ण मजुरी पुन्हा द्यावी लागते. नवी प्लेट बसायला साधारण ८०० किलोमीटर लागतात, तोवर जोर लावू नका असं सांगितलं जातं. काही जण हे अंतर समृद्धी महामार्गावर एका दिवसात उरकायला निघतात. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, वेगमर्यादा १२०. पण त्या रस्त्यावर पाचवा गिअर एकदा पडला की तासन्‌तास क्लचला हातही लागत नाही. प्लेट बसते ती क्लच वारंवार सोडल्यावर, म्हणजे बर्डीच्या सिग्नलवर, कामठीच्या बाजारात आणि गडाच्या वळणांवर. समृद्धीवरचे ७०१ किलोमीटर त्या ८०० मध्ये जवळजवळ धरायचेच नाहीत.