आकडा कुणाचा, अंधार कुणाचा?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ फार जुने आहेत. वीजवाहिनीवर तार अडकवून वीज घेणे म्हणजे आकडा टाकणे, आणि मटक्याच्या अड्ड्यावर दिवसाच्या मजुरीतले चार पैसे लावणे म्हणजे आकडा लावणे. पहिल्याबद्दल कोरडवाहू शेतकऱ्यावर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा नोंदवला जातो. दुसऱ्याबद्दल हमाल आणि हातगाडीवाला जुगारबंदी कायद्याखाली चौकीत बसतो. आता या दोहोंचे गुण एकत्र आणणारा तिसरा आकडा अवतरला आहे. एका यंत्राने अहोरात्र वीज जाळून सेकंदाला लक्षावधी कोटी आकडे फेकायचे, आणि त्यातला एखादा ‘लागला’ की कूटचलनाची नाणी पदरात पडायची. या व्यवहाराला जुगार म्हणत नाहीत. त्याला ‘खाणकाम’ असे श्रमाचे, प्रतिष्ठेचे नाव दिले गेले आहे.

या प्रश्नावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हा शहरातल्या पैसेवाल्यांचा खेळ आहे. पाणी, पीकविमा आणि रोजगार हमी सोडून आपण त्यात कशाला शिरायचे? दुसरे मत आपल्या तरुण हितचिंतकांचे आहे. त्यांना वाटते की, बँका आणि सरकार यांच्या तावडीतून सुटलेला हा पैसा म्हणजे जनतेचा पैसा होय. खेड्यातला बेकार तरुण घरबसल्या यंत्र चालवून स्वावलंबी होईल. माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे एका यंत्राची दुरुस्ती जवळून पाहताना मला कळले.

गेल्या उन्हाळ्यात कळंब तालुक्यातील एक तरुण माझ्याकडे आला. आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम केलेला, पुण्यात तीन वर्षे कंत्राटी कामगार म्हणून राबलेला आणि कंत्राट संपताच गावी परतलेला. उसनवारी करून त्याने एक वापरलेले खाणयंत्र विकत आणले होते. यंत्र सुरू होई आणि काही मिनिटांत बंद पडे. विकणाऱ्याने दूरध्वनी घेणे सोडले होते. चार दिवस मी त्याच्या पत्र्याच्या खोलीत बसून त्याचे काम पाहिले.

पहिल्या संध्याकाळी त्याने यंत्राला हातच लावला नाही. त्याने मल्टिमीटर घेतला आणि भिंतीवरच्या प्लगमधला विद्युतदाब मोजला. तो १७५ व्होल्ट भरला. यंत्राला किमान २०० लागतात. गावाची वीजच यंत्राला पुरत नव्हती. रात्री अकरानंतर दाब वाढला तेव्हा यंत्र चालू राहिले. पण आतल्या तीन गणक-पट्ट्यांपैकी एक मुकी होती. संगणकावरच्या नोंदीत त्या पट्टीवरील चिपांची संख्या शून्य दिसत होती. त्याने दोन पट्ट्यांच्या जोडतारा आपसांत बदलल्या. दोष पट्टीबरोबर राहिला नाही, तारेबरोबर सरकला. म्हणजे महागडी पट्टी निर्दोष होती, शेपन्नास रुपयांची तार सदोष होती. तिसऱ्या दिवशी बाहेर ४२ अंश तापमान असताना यंत्र तापून आपोआप थांबले. पंखे उघडले तर त्यांत आणि धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा थर. तो झटकला, खोलीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून गरम हवा बाहेर काढली. अखेर यंत्र पूर्ण वेगाने धावू लागले. तरीही खात्यात काही जमा होईना. तेव्हा त्याने यंत्राची आज्ञावली तपासली, आणि असे आढळले की कमाई पाठवण्याच्या जागी अद्याप जुन्या मालकाचेच खाते नोंदलेले होते. वीज या पोराची, घाम या पोराचा, आणि मिळकत दुसऱ्याची! आज्ञावली पुसून नव्याने बसवली तेव्हा कुठे यंत्र त्याचे झाले.

साथींनो, या तरुणाची बुद्धी आणि चिकाटी पाहून मला अभिमान वाटला. परंतु चौथ्या दिवशी त्याने मीटरवरचा आकडा वाचला आणि तो म्हणाला, “काका, मशीन तर नीट झालं. पण आता ते चालवावं कशावर?”

हा प्रश्न आपण गांभीर्याने सोडवून पाहिला पाहिजे. सव्वातीन किलोवॉटचे हे यंत्र चोवीस तासांत ७८ युनिटे वीज घेते. पाच अश्वशक्तीचा शेतीपंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिटे लागतात. म्हणजे एका यंत्राच्या एका दिवसाच्या विजेत अडीच पंपांचे पाणी वाहते. आता मिळकत पाहू. बिटकॉइनच्या व्यवस्थेत साधारण दर दहा मिनिटांनी एकाचा आकडा लागतो. २००९ साली प्रत्येक वेळी ५० नाणी मिळत. ठरल्याप्रमाणे ती निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली आहेत. म्हणजे साऱ्या जगात दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी. हे यंत्र सेकंदाला ९५ लाख कोटी आकडे फेकते; परंतु २०२५ मध्ये जगभरच्या यंत्रांची एकत्रित गती अशा सुमारे एक कोटी पाच लाख यंत्रांएवढी झाली होती. भागाकार कोणीही करावा. त्या गतीने एक नाणे मिळवायला या यंत्राने सुमारे चौसष्ट वर्षे अखंड चालले पाहिजे. त्यासाठी सव्वाअठरा लाख युनिटे जळतील. युनिटला आठ रुपये दर धरला, आणि एवढ्या वापराला घरगुती वा व्यापारी जोडणीवर तो मिळणार नाही, तरी बिल दीड कोटीच्या घरात जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइनने सव्वालाख डॉलरचा भाव गाठला तेव्हाही नाण्याचे मूल्य सुमारे एक कोटी दहा लाख रुपये होते. यावर १ एप्रिल २०२२ पासून सरकार ३० टक्के कर घेते, आणि खाणकामासाठी जाळलेल्या विजेचा खर्च त्यातून वजा करू देत नाही.

अर्थ स्पष्ट आहे. विजेचे पूर्ण पैसे देणाऱ्याला या धंद्यात नफा नाही. नफा दोघांनाच: स्वस्त विजेचा ठोक करार करू शकणाऱ्या बड्या भांडवलदाराला, आणि वीज चोरणाऱ्याला. गरिबाच्या हाती हे यंत्र आले की ते त्याला कर्जबाजारी करते किंवा चोर करते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्यात मोफत वीज जाहीर झाली आहे. उद्या त्या जोडणीवर कोणी यंत्र जोडले तर पकडला जाईल तो शेतकरी, आणि ‘शेतकरी फुकट वीज उधळतात’ हा आपल्या विरोधकांचा जुना आरोप पुन्हा कोरा करकरीत होईल. आमचा काय संबंध, असे विचारणाऱ्या साथींना हे पहिले उत्तर.

दुसरे मत आता तपासू. हा पैसा म्हणे जनतेचा, कुणाच्याच मालकीचा नाही. परंतु यंत्र कुणाच्या मालकीचे? एप्रिल २०१७ मध्ये उघड झाले की, या यंत्रांच्या उत्पादनात अग्रेसर असलेल्या चीनमधील बिटमेन कंपनीच्या यंत्रांची आज्ञावली दर काही मिनिटांनी कंपनीच्या संगणकाशी गुपचूप संपर्क साधत होती, आणि तिकडून ‘थांब’ असे उत्तर आले तर ती खाणकाम थांबवू शकत होती. बोभाटा झाल्यावर कंपनीने दुरुस्ती प्रसृत केली. ज्याने पैसे मोजले तो यंत्राचा राखणदार, मालक भलताच! सावकाराने बैल शेतकऱ्याच्या दावणीला बांधावा आणि कासरा आपल्या हाती ठेवावा, तसलाच हा प्रकार.

आणि जिथे यंत्र दाखवण्याचीही गरज भासली नाही, तो इतिहास तर महाराष्ट्राच्या अंगणातला आहे. ‘गेनबिटकॉइन’ योजनेने लोकांकडून बिटकॉइन गोळा केले आणि त्यांच्या खाणकामातून अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा देण्याचे वचन दिले. गुंतवणूकदाराच्या हाती करार होता, यंत्र नव्हते. यंत्रे किती, कुठे, किती वेगाने चालतात, वीजबिल कोण भरतो, हे तपासण्याची सोय नव्हती. २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे घरचेच नाणे लोकांच्या माथी मारण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. खटला निकाली निघण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार गोळा झालेल्या नाण्यांचे मूल्य ६,६०० कोटी रुपयांच्या घरात होते. त्यावर कडी अशी की, तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन तंत्रज्ञांनाच, आरोपींची नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. पुढे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर साठांवर ठिकाणी छापे पडले.

आपल्या मुलखात नव्वदच्या दशकात सागवानाच्या रोपांत पैसे गुंतवा म्हणणारे आले. नंतर इमू पक्षी पाळा म्हणणारे आले. निदान रोप आणि पक्षी डोळ्यांना दिसत होते! पंप घेताना आपला शेतकरी दुकानात तो चालू करून पाहतो, पाण्याची धार हातावर घेतो, मगच पैसे सोडतो. तोच शेतकरी, किंवा त्याचा नोकरदार मुलगा, न पाहिलेल्या यंत्रासाठी आयुष्याची पुंजी देतो. कारण तपासणीचे ज्ञान आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे त्याच्या मनावर बिंबवले गेले आहे. अज्ञानाची ही मक्तेदारी मोडणे हे आपले काम नव्हे काय?

आणखी एक युक्तिवाद राहतो. दुपारी सौरवीज अतिरिक्त होते, ती वाया घालवण्यापेक्षा खाणकामाला द्यावी. आपल्याच जिल्ह्यात कौडगाव येथे महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे. लख्ख उन्हात त्याची पूर्ण वीज पाच अश्वशक्तीचे तेरा हजारांवर पंप एकाच वेळी चालवू शकेल. ज्या जिल्ह्यात शेतकरी रात्रीच्या पाळीत, सापविंचवाच्या भयाखाली, पिकाला पाणी देतो, त्या जिल्ह्यात दिवसाची वीज ‘अतिरिक्त’ कशी? अतिरिक्त असते ती खासगी हिशेबात. शिवाय लाखो रुपयांचे यंत्र केवळ दुपारी चालवून कोणताही भांडवलदार समाधान मानणार नाही. त्याला रात्रीचीही वीज लागेल. कझाकस्तानात २०२१ मध्ये चीनमधून हाकलली गेलेली यंत्रे येऊन धडकली, आणि हिवाळ्यात वीजटंचाई होऊन जानेवारी २०२२ मध्ये सरकारला त्यांची वीज तोडावी लागली. इराणनेही मे २०२१ मध्ये शहरे अंधारात बुडू लागताच खाणकामावर तात्पुरती बंदी घातली.

हे आकडे फेकणे सर्वस्वी निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. खोट्या नोंदी करणे महाग पडावे, म्हणून ही रचना केली गेली. परंतु त्यासाठी वीज जाळणे अपरिहार्य आहे हा दावा २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमनेच खोटा पाडला. त्या चलनाने खाणकाम बंद करून दुसरी पद्धत स्वीकारली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. तरीही बिटकॉइनसाठी जगात वर्षाला शंभर अब्ज युनिटांहून अधिक वीज जळते. कारण तंत्र नव्हे, त्यात गुंतलेले हितसंबंध होत.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, वीज नियामक आयोगाकडे मागणी करावी की, खाणकामाच्या वीजभाराची स्वतंत्र नोंद व्हावी, त्याला वेगळा दर लागावा, आणि शेतीपंपांना दिवसा आठ तास वीज मिळेपर्यंत त्याला कोणतीही सवलत देऊ नये. दुसरी, गेनबिटकॉइनसारख्या प्रकरणांत जप्त झालेली मालमत्ता लहान गुंतवणूकदारांना प्रथम परत मिळावी. तिसरी, आठही तालुक्यांत आपल्या शाखांनी तपासणी मंडळे काढावीत. यंत्र कुठे आहे, मीटर कुठे आहे, कमाई कोणाच्या खात्यात जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणी एक पैसाही देऊ नये, हे गावोगाव सांगावे.

आणि चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची. ज्या पोराने चार दिवसांत परदेशी यंत्राचा दोष शोधला, त्याच्याच गावातली डीपी जळाली की शेतकरी वर्गणी काढून, ट्रॅक्टर जोडून ती शहरात नेतात आणि पीक वाळत असताना दुरुस्तीची वाट पाहतात. प्रत्येक तालुक्यात रोहित्रे, पंप आणि सौरपंप यांच्या दुरुस्तीची सार्वजनिक कार्यशाळा का नसावी? या तरुणांना तिथे कायम नोकरी का नसावी? त्याने यंत्र विकायला काढले आहे. गिऱ्हाईक मिळालेले नाही. मल्टिमीटर मात्र त्याने ठेवला आहे, आणि गावातली बंद पडलेली मोटार दुरुस्त करायला लोक आता त्याला बोलावतात. त्या हातांना काम देण्यासाठी आंदोलन उभारणे हे आपले कर्तव्य आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी वीज कार्यालयांवर जे मोर्चे निघतील, त्यांच्या निवेदनात ही मागणी पहिल्या क्रमांकावर असली पाहिजे.