विहीर कोणी तपासायची?

माझ्या वर्गातली पोरे जुलाबाने इस्पितळात जातात, बरी होतात आणि पुन्हा त्याच विहिरीचे पाणी पितात. बालरोगतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्यांना हल्ली तीन महिने जिल्ह्यात धाडतात खरे. पण तिथेही पुढ्यात खाटच! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवली. ३९ गावांत नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. तिथे घरोघर फिरून मृत्यू मोजावे लागले. मग शिकाऊ डॉक्टराला ग्रामसभेत उभे राहून स्वच्छ पाणी मागायला शिकवा म्हटले, की प्राध्यापक ‘राजकारण’ म्हणून नाक का मुरडतात? ज्याला सलाईन लावता येते पण सरपंचाला जाब विचारता येत नाही, त्याला खुशाल नापास करावे.